पाटी कुणाच्या नावाची?

मला कोनशिला वाचायची खोड आहे. पूल असो, दवाखाना असो, पाण्याची टाकी असो, कुठल्यातरी कोपऱ्यात संगमरवराचा एक तुकडा असतोच आणि मी चालता चालता थबकतोच. अमुक यांच्या शुभहस्ते, तमुक यांच्या सौजन्याने. सोबतचे लोक तोवर बरेच पुढे गेलेले असतात. त्या पुलावरून रोज जाणाऱ्यांना मी कधीकधी विचारतो, हा पूल कुणी बांधला? उत्तर बहुतेक वेळा खांदे उडवून मिळतं. ज्याने पाटी लावली त्याला मात्र ती पुलाहून महत्त्वाची वाटलेली असते.

शीतयुद्धाबद्दल मी जे काही वाचलं, ते बहुधा याच खोडीपायी. हेर, क्षेपणास्त्रं, बर्लिनची भिंत, हे सगळं रंजक आहेच. पण मी गुंततो ते वेगळ्याच जागी. १९५० नंतरची वीस-पंचवीस वर्षं अमेरिका आणि सोव्हिएत संघ हे दोघे आशिया-आफ्रिकेतल्या देशांत एकमेकांच्या ईर्ष्येने धरणं बांधत होते, पोलादाचे कारखाने उभारत होते, गहू उतरवत होते, डांबर ओतत होते. हेतू कुणी फारसा लपवला नाही. तिथल्या माणसांनी म्हणावं, हे लोक चांगले, आपले. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी २० जानेवारी १९४९ च्या शपथविधीच्या भाषणात गरीब देशांना तांत्रिक मदत देण्याची घोषणा केली. ती भाषणातल्या चौथ्या मुद्द्यात होती, म्हणून त्या कार्यक्रमाचं नावच ‘पॉइंट फोर’ पडलं. १९५३ पासून अमेरिकन मदतीच्या खोक्यांवर आणि पोत्यांवर हस्तांदोलन करणारे दोन हात छापले जाऊ लागले. त्याच वर्षी स्टालिन वारला आणि पुढे त्याच्या जागी आलेल्या ख्रुश्चेव्ह यांनी सोव्हिएत तिजोरी परक्या देशांसाठी उघडली.

त्या दोन हातांच्या चित्रात देणारा कोणता आणि घेणारा कोणता हे कळत नाही. ज्याच्या डोक्यातून ते चित्र निघालं, त्याला घेणाऱ्याची लाज ठाऊक असावी. चित्रापुरती तरी.

या चढाओढीचा सगळ्यात उघडा आखाडा म्हणजे अफगाणिस्तान. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काबूलच्या रस्त्यांवर धूळ आणि चिखल यांची पाळी असे. अफगाण सरकारने हे रस्ते पक्के करायला अमेरिकेकडे कर्ज मागितलं. अमेरिकन तज्ज्ञांनी हिशोब मांडला आणि शहरातले रस्ते डांबरी केल्याने उत्पादन काही वाढत नाही, असा निष्कर्ष काढून नकार दिला. हिशोबात चूक नव्हती. रस्त्यावर चिखल नसला म्हणून गव्हाची कणसं मोठी होत नाहीत. मग सोव्हिएत संघ पुढे आला. १९५४ च्या जानेवारीत त्याने ३५ लाख डॉलरचं कर्ज दिलं, त्यातून धान्याची कोठारं, पिठाची गिरणी आणि पावाची मोठी भट्टी उभी राहिली. पाठोपाठ काबूलच्या रस्त्यांवर डांबर पडलं. राजापासून हमालापर्यंत सगळा गाव ज्या रस्त्यावरून रोज जाणार, तो रस्ता. अख्ख्या शीतयुद्धात इतकी स्वस्त जाहिरात क्वचितच कुणाला साधली असेल.

त्या वेळी अमेरिकेचं सगळं लक्ष दक्षिणेला, हेलमंड नदीवर होतं. तिथली गोष्ट मुळात मदतीची नव्हतीच. १९४६ मध्ये अफगाण सरकारने काराकुल मेंढ्यांची कातडी विकून जमवलेले स्वतःचे डॉलर खर्चून मॉरिसन-नुडसन या अमेरिकन कंपनीला काम दिलं. हूवर धरण बांधणाऱ्या कंपन्यांपैकी ही एक. पैसे संपले, मग १९५० मध्ये अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेने २ कोटी १० लाख डॉलर कर्ज दिलं. अरगंदाब नदीवरचं धरण १९५२ मध्ये झालं, कजाकीचं १९५३ मध्ये. लश्करगाह इथे अमेरिकन धाटणीची वसाहत उठली, सरळ रेषेत आखलेले रस्ते, बंगल्यांपुढे हिरवळ. लोक तिला ‘छोटी अमेरिका’ म्हणू लागले.

आणि शेतात मीठ वर येऊ लागलं. कालव्याचं पाणी मिळालं, पण खालच्या कठीण थरामुळे ते मुरेना; निचऱ्याची सोय पुरेशी नव्हती. भूजल चढलं, जमीन चिबड झाली, पाणी उडून गेलं की पांढरा थर मागे. भटक्या टोळ्यांना जिथे शेतकरी म्हणून वसवायचं होतं, त्या नाद-ए-अलीसारख्या ठिकाणी ही तऱ्हा. आता गंमत बघा. प्रकल्प अफगाणांचा, सुरुवातीचा पैसाही त्यांचाच. पण यंत्रं अमेरिकन, इंजिनियर अमेरिकन, म्हणून लोकांच्या तोंडी धरणही अमेरिकन आणि मीठही अमेरिकन. अमेरिकेची अब्रू या कालव्यात अडकली. सोडावं तर नाचक्की, आणि धरून राहावं तर वर्षामागून वर्षं पैसा ओतत बसायचं. मदत देणारा घेणाऱ्याला बांधून ठेवतो, असं आपण ऐकत आलोय. इथे दोरीचं दुसरं टोक देणाऱ्याच्या गळ्यात होतं.

डिसेंबर १९५५ मध्ये सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारत-ब्रह्मदेशाचा दौरा उरकून काबूलला आले आणि १० कोटी डॉलरचं कर्ज जाहीर करून गेले. चार वर्षांनी, डिसेंबर १९५९ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आले. पाहुण्यांची ही वर्दळ अफगाण पंतप्रधान दाऊद यांनी पुरेपूर वापरली. अमेरिकन सिगारेट सोव्हिएत काडीने पेटवायला आपल्याला फार आवडतं, असं ते म्हणत, असं सांगतात. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ हे आपण मुलांना गोष्टीतून शिकवतो. दाऊद यांनी ते देशाचं अर्थखातं करून दाखवलं.

मग देशाचे रस्तेही वाटले गेले. उत्तरेला हिंदुकुश फोडून सालंगचा बोगदा सोव्हिएत इंजिनियरांनी काढला, ३,००० मीटरहून जास्त उंचीवर, अडीच किलोमीटरहून लांब. तो १९६४ मध्ये खुला झाला. कंदाहारपासून हेरातमार्गे सोव्हिएत हद्दीपर्यंतचा काँक्रीटचा रस्ताही त्यांचा. काबूल ते कंदाहार हा डांबरी रस्ता अमेरिकेचा, १९६६ चा. कंदाहारमध्ये दोन महासत्ता एकमेकींना भिडल्या, त्या अशा, रस्त्याच्या जोडावर. तिथलाच विमानतळ अमेरिकेने बांधला, लांब पल्ल्याच्या पंख्यांच्या विमानांनी इंधन घ्यायला तिथे उतरावं म्हणून. तो बांधून होईतो जेट विमानं आली होती आणि त्यांना तिथे उतरायची गरजच नव्हती. काबूल आणि बगराम इथले विमानतळ सोव्हिएत मदतीचे.

या सगळ्याला लोकांनी काय म्हटलं? उरलंय ते शब्दांत. काबूलच्या पश्चिम भागात ते सोव्हिएत धान्यकोठार उभं राहिलं आणि त्या परिसराला लोक ‘सिलो’ म्हणू लागले. रशियन सिलो नव्हे, मैत्रीचा सिलो नव्हे, नुसता सिलो. मला ही गोष्ट फार आवडते. वस्तू लोकांनी ठेवून घेतली, देणाऱ्याचं नाव गाळून टाकलं. देणाऱ्याच्या दृष्टीने हा कृतघ्नपणा. पण वस्तू खरोखर आपली होते ती याच घडीला. जोवर तो ‘त्यांनी दिलेला’ रस्ता असतो तोवर आपण त्यावर पाहुण्यासारखे चालतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. घरात ओढाताण होती त्या वर्षी एका नातेवाइकांनी माझी फी भरली. रक्कम आज हसू येईल इतकी. त्यानंतर प्रत्येक लग्नाकार्यात, चारचौघांत, ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, ‘याचं शिक्षण आमच्याकडून झालं बरं का.’ खोटं काहीच नव्हतं. मी हसायचो आणि मान खाली घालायचो. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त पाटी हवी होती आणि ती लावायला माझ्याशिवाय जागा नव्हती. आज ते नाहीत. त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता शोधतो तेव्हा आधी तो खांद्यावरचा हात आठवतो. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याहून लख्ख आठवतात ते दुसरे, ज्यांच्याकडे त्याच वर्षी आम्ही आधी गेलो होतो आणि ज्यांनी चहा पाजून, गोड बोलून, नाही म्हटलं होतं. त्यांचा दिवाणखाना, घड्याळात वाजलेले साडेपाच, सगळं. मिळालेलं हळूहळू आपलं होऊन विसरतं, नाकारलेलं नाकारणाऱ्याच्याच नावावर राहतं.

देशांचंही काही वेगळं नसावं. इजिप्तमधलं, नाईलवरचं अस्वानचं धरण बघा. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जागतिक बँक यांनी मिळून इजिप्तला पैसे देऊ केले, अमेरिकेचे ५ कोटी ६० लाख डॉलर, ब्रिटनचे १ कोटी ४० लाख, बँकेचे २० कोटींचं कर्ज. इजिप्तचे नेते नासर यांनी त्याआधीच झेकोस्लोव्हाकियामार्फत सोव्हिएत शस्त्रं घेतलेली, मधल्या काळात कम्युनिस्ट चीनलाही मान्यता दिलेली. १९ जुलै १९५६ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी देकार मागे घेतला. बरोबर आठवड्याने, २६ जुलैला नासर यांनी अलेक्झांड्रियातल्या भाषणात सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. त्या भाषणात कालवा खोदणाऱ्या द लेसेप्सचं नाव ते पुन्हा पुन्हा घेत होते, कारण ते नाव ऐकताच कालव्याची कचेरी ताब्यात घ्यायची, असा माणसांशी संकेत ठरलेला होता. एका नकाराची किंमत शरद ऋतूपर्यंत युद्धात गेली.

धरणाचा पैसा मग १९५८ मध्ये सोव्हिएत संघाने दिला. जानेवारी १९६० मध्ये काम सुरू, मे १९६४ मध्ये नाईल वळवताना ख्रुश्चेव्ह जातीने हजर, १९७० मध्ये काम पूर्ण. धरणाच्या काठावर कमळाच्या पाकळ्यांसारखं एक उंच स्मारक आहे, अरब-सोव्हिएत मैत्रीचं. जानेवारी १९७१ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा नासर हयात नव्हते, त्यांच्या जागी आलेले सादात आणि सोव्हिएत राष्ट्रप्रमुख पोदगोर्नी उभे होते. आणि जुलै १९७२ मध्ये याच सादात यांनी हजारो सोव्हिएत लष्करी सल्लागारांना देशाबाहेर काढलं. जगातलं एक प्रचंड धरण, त्याची कृतज्ञता दीड वर्ष टिकली. (ज्या सुमारे एक लाख नुबियन लोकांची गावं त्या पाण्याखाली गेली, त्यांना कुणाचे आभार मानायचे हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.) गंमत अशी की, धरणाला नाही म्हटलेल्या अमेरिकेने त्याच पाण्यातून पुरातन देवळं वाचवायला पैसा दिला, आणि इजिप्तने आभारादाखल तिला डेंडूरचं एक अख्खं देऊळ भेट दिलं. ते आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात, काचेच्या भिंतीआड आहे. आभाराचं एवढं ठोस रूप या सबंध काळात मला दुसरं दिसलेलं नाही, आणि तेही दगडी.

भारताची गोष्ट या सगळ्यांत मोठी. भिलाईचा करार सोव्हिएत संघाशी फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला, दहा लाख टनांचा कारखाना, अडीच टक्के व्याज. पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली. बोकारोसाठी भारताला अमेरिका हवी होती. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचीही इच्छा होती. पण सरकारी मालकीच्या पोलाद कारखान्याला अमेरिकन करदात्याचा पैसा कशाला, असा सूर परदेशी मदतीचा आढावा घेणाऱ्या १९६३ च्या क्ले समितीने लावला, अमेरिकन काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, अडून बसली, आणि केनेडींची पंचाईत व्हायला नको म्हणून नेहरूंनीच विनंती मागे घेतली. बोकारो सोव्हिएत संघाकडे गेलं. काबूलचे रस्ते, अस्वान, बोकारो. एकच पटकथा, फक्त नटमंडळी बदलली.

पण भिलाईच्या किती तरी पट माल अमेरिकेकडून आला होता, गव्हाच्या रूपात. १९५४ च्या पब्लिक लॉ ४८० (पीएल-४८०) या कायद्याखाली अमेरिका आपला शिलकी गहू विकायची आणि किंमत रुपयांत घ्यायची. ते रुपये भारतातच साठत राहायचे. भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. पुढे १९६५ आणि १९६६ ला सलग दुष्काळ पडला. १९६६ मध्ये अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा जवळपास पाचवा हिस्सा भारतात आला. इतका गहू एका देशाने दुसऱ्याला क्वचितच दिला असेल. लाखो माणसं त्यावर जगली, यात शंका नाही.

आणि नेमकं याच वेळी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी आखूड दावं बांधलं. गहू कायमचा मंजूर करायचा नाही, एकेका महिन्यापुरता सोडायचा. भारताने शेतीचं धोरण बदलावं, हे एक कारण, आणि व्हिएतनामवरून दिल्लीने तोंड बंद ठेवावं, हे दुसरं. जहाज बंदराला लागतंय की नाही याकडे दिल्लीचे मंत्री डोळे लावून बसायचे. नाक दाबलं की तोंड उघडतं हे जॉन्सन यांना पक्कं ठाऊक होतं. दाबलेल्या नाकाला ते हात पुढे किती वर्षं आठवतात, हे त्यांना ठाऊक नसावं. मला त्यांची अगदीच कीव येते असं नाही, पण काहीतरी वाटतं खरं. नुसता गहू पाठवून गप्प बसले असते तर कदाचित गंगा न्हाले असते.

शेवटी ते साठलेले रुपये. फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहॅन यांनी भारत सरकारच्या हाती १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश ठेवला आणि त्या थकबाकीचा मोठा भाग माफ करून टाकला. गिनेसच्या पुस्तकात जगातला सर्वांत मोठा धनादेश म्हणून त्याची नोंद झाली. एवढी मोठी भेट, पण वेळ? मध्ये १९७१ ची लढाई होऊन गेली होती, अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात शिरून गेलं होतं. त्या धनादेशाने कुणाचं मन वळलं असेल, तर ते फार आवाज न करता वळलं.

त्या रुपयांतले थोडे एका भलत्याच वाटेला गेले, आणि मला विचाराल तर सगळ्यात चांगले तेच लागले. १९६२ पासून अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने या पैशातून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिथल्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. त्यात मराठीही होती. आपल्याकडे वाळवीने खाल्लेलं एखादं पुस्तक शिकागोच्या कपाटात सुखरूप असतं, ते या गव्हाच्या कृपेने. यावर कुणी पाटी लावली नाही. तिथे बसून मराठी वाचत-शिकत जे अभ्यासक तयार झाले, त्यांनी आपल्याविषयी जे लिहिलं, तसा सद्भाव कुठल्या पोलादाच्या भट्टीतून निघाला असेल असं मला वाटत नाही. अर्थात हे पुस्तकवाल्या माणसाचं मत, त्याला किती किंमत द्यायची ते ज्याचं त्याने ठरवावं.

अफगाणिस्तानचं राहिलं. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या त्या काबूल आणि बगरामच्या विमानतळांवर, आणि जमिनीवरून सालंगच्या वाटेने. त्यांनीच पंधरा वर्षांपूर्वी काढलेल्या बोगद्यातून त्यांचे ट्रक आणि चिलखती गाड्या दक्षिणेला उतरल्या. दशकभराने, १५ फेब्रुवारी १९८९ ला, शेवटचा सेनापती सीमेवरच्या अमू दर्या नदीच्या पुलावरून चालत परत गेला. त्या पुलाचं नाव मैत्री पूल. पुढे २००१ नंतर अमेरिका आली आणि त्या वेळी कुणाला नको असलेला कंदाहारचा विमानतळ तिचा मोठा लष्करी तळ झाला. २००३ मध्ये तिने काबूल-कंदाहार रस्त्यावर पुन्हा डांबर टाकलं. २००८ मध्ये कजाकीच्या धरणावर तिसरं जनित्र पोचवायला हजारो सैनिकांचा ताफा तालिबानच्या मुलखातून गेला. जनित्र पोचलं आणि बसवल्याशिवाय वर्षानुवर्षं पडून राहिलं. धरणाच्या पायथ्याशी पडलेल्या त्या पेट्यांवर नेमकं काय छापलेलं असेल, याचा मी उगाच विचार करत बसतो.

एक मदत मात्र अशी आहे की, देणाऱ्याचं नाव आपल्या गावोगावी आजही लोकांना तोंडपाठ आहे. पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत. कुणालाही विचारा, शेतकरी असो की शाळामास्तर, तो सांगेल की हे अमेरिकेच्या मिलो ज्वारीबरोबर, गव्हाबरोबर आलं. म्हणूनच याला काँग्रेस गवत म्हणतात, काही जण म्हणतात अमेरिकन काँग्रेसवरून, काही जण फुलांच्या पांढऱ्या टोपीवरून. पुण्यात त्याची नोंद झाली ती १९५५ च्या सुमारास, म्हणजे पहिला पीएल-४८० करार व्हायच्याही आधी. १९५१ चा कर्जाऊ अमेरिकन गहू त्याआधीचा, हे खरं, पण वनस्पतिशास्त्रज्ञ या गवताच्या भारतातल्या खुणा एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे नेतात. मी हे एकदा बांधावर उभ्या एका गृहस्थांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग वाकून एक ताट उपटलं, मुळाची माती झटकली, माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, ‘असेल साहेब. पण पाठवलं त्यांनीच.’